दोन ब्रेकांची गाडी

मी एक जुनी शिकाऊ गाडी आहे. मित्रांनो, इतर गाड्यांना एक ब्रेक असतो, मला दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या. कारखान्यातून आले तेव्हा मीही चकचकीत होते. आता दारं चेपली आहेत, गिअर कुरकुरतो.

एकदा एक काकू शिकायला आल्या. निवृत्त नर्स. काकांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागे आणि दर वेळी कुणाच्या तरी मिनतवाऱ्या कराव्या लागत. म्हणून मुलाने नवी पांढरी गाडी घेऊन दिली आणि पहिल्याच दिवशी काकूंना हमरस्त्यावर नेलं. ट्रक पाहून त्यांनी स्टिअरिंग भलतीकडेच वळवलं. गाडी दुभाजकावर घासली, किल्ली खुंटीला टांगली गेली. पांढरीला पोचा आला हे ऐकून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मास्तरांनी काकूंना माझ्यात बसवून रिकाम्या मैदानात फिरवलं. बारा दिवस! स्वतःचा पाय सतत ब्रेकवर. शेवटी काकू वैतागल्या, "अहो मास्तर, इथे मी डोळे मिटून फिरेन. आमच्या यांना काय डॉक्टर या मैदानात येऊन तपासणार आहेत?"

"मग चला पाण्याच्या टाकीच्या चढावर. रडायचं नाही हं!"

चढावर मी मागे घसरू लागले.

"मास्तर, ब्रेक!"

"तुमच्या पायाखाली आहे की एक!"

मास्तरांचा पाय ब्रेकवर नुसता तरंगत राहिला. काकूंनीच ब्रेक दाबला. मी तीनदा बंद पडले, चौथ्यांदा चढले. काकू घामाघूम, पण हसत होत्या. पुढे बाजाराचा रस्ता, मग हमरस्ता. रोज कालच्यापेक्षा थोडंसंच अवघड.

महिन्याभराने पांढरी आमच्या फाटकाशी थांबली. काकू चालवत होत्या, शेजारी काका.

"दवाखान्यातून हिने एकटीने आणलं," काका म्हणाले, "वाटेत मी चक्क झोपलो!"

मास्तरांनी खूश होऊन पांढरीच्या टपावर थाप मारली. माझ्या टपावर ते फक्त जेवणाचा डबा ठेवतात. चढ चढवला मी आणि थाप तिला! मी जळून खाक झाले.

मित्रांनो, माझा हा मत्सर काही जायचा नाही. शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीत बसायला निघून जाणारच. तुम्ही एवढंच करा. चढावर एखादी शिकाऊ गाडी बंद पडली, तर मागून हॉर्न वाजवू नका. आतल्या माणसाला जमायला अगदी थोडंच उरलेलं असतं.