'इतर' या पानावरचं भूत

ऑड्री थेसेराला पुस्तकाची संपादक केलं तेव्हा तिला तो आपला मान वाटला. खरं कारण तिचा मित्र वाय लोक याने रोटी चनाईचा तुकडा डाळीत बुडवता बुडवता सांगून टाकलं होतं.

"तू मलायी नाहीस, चिनी नाहीस, तमिळ नाहीस. तुझ्यावर पक्षपाताचा आरोप करणार कोण?"

ऑड्रीचं घराणं मूळचं मलाक्काचं, पोर्तुगीज आडनावाच्या कोळ्यांचं. ती स्वतः मात्र मलेशियातल्याच इपोह शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून चाळिशीला आलेली. कुठल्याही कागदावर वंश लिहायची वेळ आली की तिच्या वाट्याला 'इतर' हा शब्द यायचा, आणि त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. उलट आतून थोडा तोराच होता. बाकीच्यांनी भांडावं आणि आपण शांतपणे निवाडा करावा, यासाठीच आपला जन्म आहे असं तिचं मत होतं.

ऑड्री, वाय लोक आणि आणखी दोघे, अशा चौघांना एकत्र आणलं ते 'रिकामी खुर्ची' नावाच्या खेळाने. परदेशातून आलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा भुतांचा खेळ. एकाने भूत चालवायचं, बाकीच्यांनी त्या घरात अडकलेली माणसं व्हायचं, आणि कोण पळालं, कोण गेलं ते फाशांनी ठरवायचं. खेळ झकास, पण त्यातली भुतं बर्फात गोठून मेलेली. इपोहच्या उकाड्यात, पाठीला शर्ट चिकटलेला असताना, थंडीने मेलेल्या पोरीला घाबरायचं म्हणजे कमालीचा भाबडेपणा लागतो. खेळ बनवणाऱ्यांची चाहत्यांना मुभा होती: स्वतःची भुतं लिहा, फुकट वाटा. मग यांनी ठरवलं की आपल्या मातीतल्या भुतांचं पुस्तक करायचं. मलायी भुतं झुल्हेल्मी लिहील, चिनी वाय लोक, तमिळ लेच्चुमी. आणि ऑड्री सगळं नीट लावील.

दर शनिवारी दुपारी मामाकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या, खाणावळीत बैठक. चिनी कॉफीच्या दुकानात हलाल नसल्याने झुल्हेल्मीला खाता येत नसे, आणि मामाककडची कॉफी वाय लोकला घशाखाली उतरत नसे. म्हणून तो दर शनिवारी तीच मागवायचा आणि दर शनिवारी नावं ठेवायचा.

पहिले काही आठवडे फार सुखाचे गेले. झुल्हेल्मी जमीन खात्यात कारकून. त्याने पोंतियानाक लिहिली: बाळंतपणात मेलेली, पांढऱ्या कपड्यांतली, चाफ्याच्या वासाची. ऑड्रीने ते दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि मग एकटीने जिना उतरायला तिला धीर होईना. वाय लोकचं चष्म्याचं दुकान होतं. त्याने चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्यात मोकाट सुटणारं उपाशी भूत लिहिलं. लेच्चुमी वकिलाकडे काम करायची; तिची मोहिनी पेय, म्हणजे पुरुषांना भुलवून मारणारी हडळ, वाचून ऑड्रीला एवढंच समजलं की वकिलाकडे काम करणाऱ्या बाईला पुरुषांबद्दल बरंच काही ठाऊक असतं.

मग आकड्यांची भानगड निघाली. या खेळात प्रत्येक भुताचा 'धाक' ठरवायचा असतो, एक ते दहा. झुल्हेल्मीने पोंतियानाकला नऊ दिले होते, वाय लोकने आपल्या भुताला प्रामाणिकपणे सात.

"सात?" पोंतियानाकचे नऊ पाहिल्यावर वाय लोकने विचारलं, जणू कुणी दुसऱ्यानेच ते दिले होते. "आमच्या भुतांसाठी अख्खा महिना जेवणावळी घालतात, नाटकं लावतात, पहिली रांग मोकळी ठेवतात. तुझ्या बाईसाठी कोण काय करतं?"

"आम्ही घाबरतो," झुल्हेल्मी म्हणाला. "तेवढं पुरेसं आहे."

"घाबरायला आम्हालाही येतं."

ऑड्रीने निवाडा दिला: दोघांनाही नऊ. लेच्चुमीने मान वर न करता आपल्या मोहिनीच्या आठाचे नऊ केले. पुढच्या शनिवारपर्यंत पुस्तकातल्या एकूण एक भुतांना नऊ झाले. केळीत राहणाऱ्या एका किरकोळ भुतालासुद्धा, ज्याचं काम फक्त वाटसरूची चप्पल लपवणं एवढंच होतं.

त्यानंतर संख्या आली. प्रत्येकी पाच भुतं. लेच्चुमीची चारच झाली होती. "मुनी घाल की," झुल्हेल्मी म्हणाला. "तो वेशीवरचा राखणदार देव, भूत नाही तो," लेच्चुमी म्हणाली. "त्याला आकडा लावलास तर पुढच्या वळणावर तुझी मोटारसायकल बंद पडेल." पाचवं म्हणून तिने रबराच्या मळ्यावरचा गोरा साहेब आणला. मेल्यावरही पहाटे शिट्टी वाजवून मजुरांची हजेरी घेणारा. चौघांनाही तो आवडला. पण वाय लोकच्या मनात शंका आली.

"हा गोरा आहे. तमिळांच्या पाचांत कसा?"

"मजूर आमचे होते."

"भूत कुणाचं ते बघायचं. घाबरलं कोण ते नाही."

"मग ऑड्रीकडे टाका," झुल्हेल्मीने तोडगा काढला. "काक ऑड्री, तुमच्याकडचाच ना तो?" तो तिला काक, म्हणजे ताई, म्हणायचा, विशेषतः काही गळ्यात मारायचं असलं की.

"माझे पूर्वज मासे पकडायचे," ऑड्री म्हणाली. "त्यांनी कुणाची हजेरी घेतली असेल असं वाटत नाही."

पण तिने तो घेतला. शेवटी 'इतर' नावाचं एक पान होतंच, आणि ते रिकामं होतं. लेच्चुमीला पाचव्याच्या जागी, बैठकीच्या सहाव्या तासाला सुचलेली एक पांढऱ्या साडीतली बाई मिळाली. ती लिहिता लिहिता लेच्चुमी वैतागून म्हणाली, "मेल्यावरही बाईनेच पांढरं नेसून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. पुरुष मेले की जातात कुठे?" झुल्हेल्मीने चहा मागवला.

सगळ्यात अवघड गेलं ते भूत घालवण्याचं. चिनी भुतावर उस्ताजचा, म्हणजे मौलवीचा, मंत्र चालावा का? तमिळ पुजाऱ्याने पोंतियानाकला हात लावावा का? झुल्हेल्मीचा मोठा भाऊ धार्मिक वृत्तीचा, त्याच्या कानावर काही गेलं तर घरात बोलणी बसणार. वाय लोकच्या आईने तर सातव्या महिन्यात त्याला या विषयावर लिहायलाच बंदी केली होती. शेवटी ऑड्रीने नियम लिहिला: आधी भूत कोणत्या समाजाचं आहे ते सर्वानुमते ठरवावं, मग त्या समाजाच्या योग्य माणसाला बोलवावं. तिघांनीही नियम वाचला आणि तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. ऑड्री त्या दिवशी गाणं गुणगुणत घरी गेली.

पुस्तक बाहेर काढण्याआधी अनोळखी लोकांना घेऊन एकदा खेळून बघायचं ठरलं. मामाकच्याच वरच्या मजल्यावर, शनिवारी दुपारी. आले चौघे: बँकेतली एक बाई, तंत्रनिकेतनातले दोन मित्र आणि ऑड्रीच्या दवाखान्यातली परिचारिका, जिला फुकट जेवण मिळेल असं सांगून आणलं होतं. भूत चालवायचं ऑड्रीने. बाकीचे तिघे मागे खुर्च्या टाकून परीक्षकासारखे बसले.

ऑड्रीने सुरुवात केली. पडकं घर, दारात पांढऱ्या कपड्यांतली बाई. खेळणाऱ्यांनी नियम उघडले आणि समाज ठरवायला घेतला. बँकेतल्या बाईने विचारलं, केस कसे आहेत? मोकळे. पुस्तकातल्या पांढऱ्या कपड्यांतल्या तिघींचेही मोकळेच असतात. वास? फुलांचा. कोणत्या फुलांचा? इथे मागच्या खुर्च्यांवरून झुल्हेल्मी आणि लेच्चुमीने एकाच वेळी दोन वेगळी फुलं सांगितली. दोघा मित्रांपैकी एकाने सुचवलं की सरळ बाईलाच विचारावं. दुसरा म्हणाला, ते उद्धट दिसेल. तासभर बाई दारात उभी होती आणि आत तिच्या जातकुळीवर चर्चा चालू होती. परिचारिकेने जेवण कधी आहे ते विचारलं.

ऑड्रीला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग तिने पुस्तक मिटलं.

"बाई निघून गेली," ती म्हणाली. "कंटाळून. तुम्ही जेवायला बसा. घरात पानं वाढलेली आहेत. पाच."

"आम्ही चौघंच आहोत," बँकेतली बाई म्हणाली.

"हो. पण पानं पाच आहेत, आणि पाचही जणांनी जेवायला सुरुवात केली आहे. पाचवी कोण, ते तुम्हाला दिसत नाही. ती भांडत नाही, ओरडत नाही. तुमच्यातलं कुणीही बोललं की ती मान डोलावते. तुमचं सगळं तिला पटतं."

"मग त्यात काय भीती?" एक मित्र म्हणाला.

"तिने मान डोलावली," ऑड्री म्हणाली. "आता तुझ्या कागदावरची, तुझ्याबद्दलची एक गोष्ट खोड. तुला माहीत असलेली."

त्याने हसत आपल्या खेळातल्या माणसाचं गाव खोडलं. परिचारिका म्हणाली, "हे बरं नाही हं," आणि ऑड्रीने तिच्याकडे फक्त पाहिलं. परिचारिकेने आईचं नाव खोडलं. मग बँकेतली बाई काहीतरी विचारणार होती, तिने तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलावर कुणीच बोलेना. खालच्या गल्ल्यावरचा पंखा ऐकू येत होता. दुसऱ्या मित्राला शिंक आली तेव्हा पहिल्याने त्याचा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसले.

खेळ संपल्यावर चौघांनीही पुढच्या शनिवारचं विचारलं. ते गेल्यावर चहा आला.

"ही आमच्याकडची," झुल्हेल्मी म्हणाला.

"कोण?"

"मान डोलावणारी. माझी आजी सांगायची."

"काय सांगायची?"

"असंच. जेवायला येऊन बसते म्हणून."

"नाव काय तिचं?"

"नाव घेत नसत."

"आमच्याकडे तर अशांच्यासाठीच ताट वाढतात," वाय लोक म्हणाला. "पाचवं पान म्हटल्यावर मला लगेच कळलं."

"मळ्यावर मजुरांच्या खोल्यांच्या ओळीत असायची अशी," लेच्चुमी म्हणाली. तिने निदान नजर चुकवून, कपाकडे पाहत सांगितलं.

"मी ती आज दुपारी रचली," ऑड्री म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत."

"काक ऑड्री," झुल्हेल्मी फार मायेने म्हणाला, "माणसाला वाटतं आपण रचलं. मुळात ते कुठूनतरी आलेलं असतं."

"माझ्याकडून आलेलं का नसेल?"

हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आलेला नव्हता. मग वाय लोकने विचारलं, "तुम्हा लोकांत भुतं असतात?"

घरी जाऊन ऑड्रीने चौघांच्या ऑनलाइन फाइलीत ती मान डोलावणारी 'इतर'च्या पानावर लिहिली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. सकाळी पाहिलं तर मजकूर तिन्ही समाजांच्या भागांत एकेकदा आला होता आणि नावाच्या जागी 'लोकपरंपरा' असं होतं. तिने तो तिन्हीकडून काढला. दुपारी परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. सामायिक फाइल वाय लोकच्या नावावर होती. शेवटी तिने फोन केला.

"भांडण नको म्हणून तिघांत वाटली," तो म्हणाला. "धाक नऊ आहे. प्रत्येकी तीन. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. तूच शिकवलंस ना हे?"

"माझं नाव?"

"आभारात आहे. पण ऑड्री, तू एकटीने मालकी सांगणं चांगलं दिसत नाही. या अशा जातीयवादामुळेच देशाचं वाटोळं होतं."

ऑड्रीने फोन ठेवला. त्या संध्याकाळी भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की मान डोलावणारीचा चेहरा कुणाचा होता. इतके महिने सगळ्यांचं ऐकून घेत, सगळ्यांना हो म्हणत मामाककडे कोण बसलं होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिला ते आवडलं नाही. पण भूत चांगलं होतं, हेही खरं.

पुस्तक तिच्याशिवाय निघालं. 'इतर'च्या पानावर एकटा गोरा साहेब शिट्टी घेऊन उभा होता. आभारात तिचं आडनाव चुकलं होतं. लोकांनी मांडणीचं कौतुक केलं. सिंगापूरच्या कुणीतरी मान डोलावणारीवर मोठा लेख लिहिला, तिची मुळं तिन्ही परंपरांत शोधून दाखवली, आणि ती एकमेकांना पूरक निघाली. ऑड्री मात्र दर शनिवारी बँकेतल्या बाईला आणि बाकीच्यांना घेऊन वरच्या मजल्यावर खेळत राहिली. खालच्या टेबलावर ते तिघे असले तर ती मागच्या जिन्याने जायची.

एका सकाळी दवाखान्यातल्या रेडिओवर झुल्हेल्मीचा आवाज आला. तो आजीबद्दल बोलत होता. आजीला आता गाव मिळालं होतं, विहीर मिळाली होती, आणि ती संध्याकाळी पोरांना जवळ घेऊन मान डोलावणारीची गोष्ट सांगत होती. ऑड्री आवाज बंद करायला उठली.

"राहू दे गं," दाढ काढून बसलेली एक म्हातारी गालात कापूस धरून म्हणाली. "खरं सांगतोय तो. आमच्या गल्लीत होती ती."

ऑड्री तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिला म्हणायचं होतं की आजी, ती मी केली आहे, अजून वर्षसुद्धा झालं नाही. पण म्हातारी पुढे बोलू लागली होती.

"मान डोलावते हे त्याचं चुकलं. ती काहीच करत नाही. फक्त तुझा चहा तुझ्याआधी पिते. तू कप उचलतेस, तो रिकामा असतो, आणि तुझ्या तोंडात गोड चव असते. मग तू म्हणतेस, मीच प्यायले असेन. असं रोज एकेक. एक दिवस तू घरी जातेस तर तुझ्या खोलीत तू झोपलेली असतेस."

ऑड्रीच्या दंडावर काटा आला. म्हातारीचा समाज कोणता, नाव काय, गल्ली कुठली, यातलं तिने काहीही विचारलं नाही. तिने तिला पाणी आणून दिलं, गोळ्या समजावून सांगितल्या आणि दारापर्यंत सोडलं.

शनिवारी वरच्या मजल्यावर तिने सगळ्यांसाठी चहा मागवला आणि कप समोर येईपर्यंत कुणालाच काही सांगितलं नाही. मग तिने तुमचा चहा तुमच्याआधी पिणारीला खेळात आणलं. परिचारिकेने कप उचलून आत पाहिलं आणि घाईघाईने खाली ठेवला.

"हे भूत कुठून आणलंस?" बँकेतल्या बाईने विचारलं.

"सुचलं," ऑड्री म्हणाली.