दहाची मिस्सा

"अंत्यविधीची मिस्सा जुन्या पद्धतीची करू की नव्या?" फादरांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

"जुन्या," ती म्हणाली.

"नव्या," त्याच क्षणी वहिनी म्हणाली.

दादाने पंख्याकडे पाहिलं. बायको आणि बहीण समोरासमोर आल्या की तो पंख्याकडेच बघायचा. पंखा नसेल तिथे बुटांकडे.

आई आदल्या दिवशी गेली होती. ही तिची एकुलती एक लेक, वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधणारी, बोटांना सदा खळीचा वास. वडिलांचं लॅटिन प्रार्थनांचं पुस्तक तिने तीनदा नव्याने शिवलं होतं. ते मांडीवर उघडून दर रविवारी सातच्या मिस्सेला ती आईला खेटून बसायची. फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटत, मधूनच घंटा वाजे, बाकी सगळं शांत. त्या शांततेत आई सगळीच्या सगळी तिची असे. मग चार वर्षांपूर्वी आईने गुडघ्यांचं निमित्त सांगितलं आणि ती सुनेबरोबर दहाच्या मिस्सेला जाऊ लागली. तिथे प्रार्थना रोजच्या बोलीत, फादर लोकांकडे तोंड करून उभे, आणि वहिनीची गिटार. लेकीने तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"आई स्वतः काही बोलल्या होत्या का?" फादरांनी विचारलं.

"मला सांगितलं होतं," वहिनी हळूच म्हणाली. "दवाखान्यात. गाणी कुठली तेसुद्धा."

"माझ्याजवळ एका शब्दाने बोलली नाही."

"ताई, तुम्ही रागवाल म्हणून."

"मी? मी कधी रागावते?"

"आत्ता," दादा पंख्याला म्हणाला.

फादरांना खोकला आला. ती हसली नाही. दवाखान्यात आठ रात्री तिने काढल्या होत्या. आईने मात्र बोलायला दुपार निवडली, वहिनीची पाळी असलेली.

"करा मग नवी," ती म्हणाली. "सहलीतली गाणी म्हणा."

वहिनीने ते मुकाट गिळलं. त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी ती शवपेटीजवळ पहिल्या बाकावर बसली. दादा शवपेटी उचलणाऱ्यांबरोबर पलीकडच्या बाकावर होता. गाणी सुरू झाली. वहिनीचा आवाज वाईट असता तर बरं झालं असतं. तिने मनातल्या मनात लॅटिन शब्द धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण मागचे लोक मोठ्याने उत्तरं देत होते आणि तिची ओळ तुटत होती.

फादर काहीतरी म्हणाले आणि अचानक सगळं चर्च हललं. माणसं एकमेकांकडे वळून हात मिळवू लागली; जुन्या मिस्सेत असं काही नसे. मिस्सा मध्येच संपली की काय, असं वाटून ती उठून उभी राहिली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने हात पुढे केला.

"शांती असो, बाई. तुमच्या आई दर रविवारी इथं माझ्यापुढं असायच्या. हात हातात घेतला की पटकन सोडायच्या नाहीत."

मग शेजारची परिचारिका आली, मग चष्म्याचा दुकानदार, मग तिला नावानेही ठाऊक नसलेले कितीतरी. जाड, ओले, थरथरते हात. चार वर्षं दर रविवारी यातल्या एकेकाने आईचा हात धरला होता, आणि त्या वेळी ती घरी, सातची मिस्सा आटोपून, एकटी चहा पीत असायची.

शेवटी गिटार पाठीवर सारून वहिनी आली. तारांनी घट्टे पडलेली तिची बोटं खरखरीत होती.

"शांती असो, ताई."

तिने ती बोटं हातात घट्ट धरली. वेदीवर पुढची प्रार्थना सुरू झाली, गाणाऱ्यांनी मागे वळून गिटारीची वाट पाहिली. तिने हात सोडला नाही.