हासले का वं लोकं?

गावोगावी माइकसमोर एकटीनं उभं राहून लोकांना हसवणं हा माझा धंदा आहे. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात धंदा म्हणजे एसटीची खिडकी, लॉजची कुबट उशी आणि "मॅडम, साउंड आत्तापर्यंत चालू होता" असं सांगणारा एक तरी माणूस. जळगावात मी एका लग्नाच्या हॉलमध्ये, कालच्याच नवरा-नवरीच्या नावाच्या पाटीखाली, पाऊण तास विनोद केले. नांदेडला पहिल्या रांगेतले पाहुणे मला ऐकू येईल अशा आवाजात जेवणाची चौकशी करत होते. तरी मला हा धंदा आवडतो. त्याला कोणी नाक मुरडलं की मी भांडायला उठते.

कुठल्याही गावी शो संपला की आईचा फोन येतो. माझी आई, गोदावरीबाई, पवनी तालुक्यातल्या आसगावात एकटी राहते, धान लावते, आणि फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"हासले का वं लोकं?"

"खूप हासले, आई."

यावर ती सुस्कारा टाकते. "जाऊ दे. मनावर नको घेऊ. जेवून घे."

हे मी दोन वर्षं ऐकलं. दर वेळी मला वाटायचं, नेटवर्क खराब आहे, तिला नीट ऐकू आलं नसेल.

मला एकच गोष्ट सलत होती. बाबा गेल्यापासून मी आईला मोकळं हसताना पाहिलंच नव्हतं. अख्ख्या महाराष्ट्राला हसवत फिरायचं आणि घरचं माणूस कोरडंच, हे काही बरोबर नाही. म्हणून आमच्याच जिल्ह्याच्या गावी, भंडाऱ्याला शो ठरला तेव्हा मी फोनवर हट्टच धरला, "आई, या खेपेले तू यायचंच." मला तिला एकदा हसवायचं होतं. त्यासाठी बाकीचा हॉल रिकामा राहिला असता तरी मला चाललं असतं.

हॉल रिकामा मात्र राहिला नाही. रविवारची दुपार होती, धान चुरून मळणी आटोपली होती, माणसं मोकळी होती. भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत पिकअप गाडी थांबली आणि तिच्यातून अर्धं आसगाव उतरलं. आयोजक कैलाश धावत आला. "ताई, तुमचा तं मोठा फॅन क्लब आहे!" मी आईला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. तिच्या शेजारी आमच्या शेजारच्या कलाबाई. मागं सगळं गाव, आणि त्याच्याही मागं भंडाऱ्याची कॉलेजची पोरं.

मी पहिला विनोद केला. पुण्यात यावर टाळी पडते. इथं कोणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या विनोदाला मागची पोरं खिदळली, तर कलाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं की तीही गप्प झाली. आसगावच्या रांगा तेरवीला आल्यासारख्या खाली मान घालून बसल्या होत्या. हॉलच्या दारात उभ्या कैलाशनं तोंडावर हात ठेवला. शेवटी मी माझा हमखास चालणारा किस्सा बाहेर काढला.

"रोवण्याचे दिवस होते. बाया कमी होत्या म्हणून मी पण पाण्यानं भरल्या बांधीत धान रोवून राहिली होती. अन् मले पाहाले उद्या येणारे पाहुणे आजच आले. पोरगा, त्याची माय, त्याचा मामा, सगळे बांधीच्या धुऱ्यावर लायनीनं उभे. मी ओढणी सावराले गेली अन् चिखलात तोंडावर पडली. उठली तं डोळे सोडून सगळा चिखल. पोराची माय म्हणते, 'यातली पोरगी कोणती?' माह्या आईनं मले वेणीले धरून उभं केलं अन् म्हणते, 'हे काय! धुतली का गोरी निंगते!'"

या वाक्यावर हॉल कोसळतो, हा माझा अनुभव. इथं पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला. आणि आई उभी राहिली.

"बस कर वं, तृप्ती."

मी माइक खाली घेतला.

"त्या दिवशी तुही सोयरीक मोडली," आई म्हणाली. "अन् ते तू गावोगावी सांगत फिरते? लोकं तुले हासतेत अन् तू तिथंच उभी राहते?"

"आई, ते हासासाठीच येतेत. आपल्या इकडं नाटक आलं का कॉमेडीवाल्याले तू नाही हासत?"

"त्याचं नाव येगळं असते. तोंडाले रंग असते. रंग पुसला का तो येगळा माणूस. तू तं आपलंच नाव सांगते, आपल्याच घरचं सांगते. तोंडाले पावडर बी नाही!"

कलाबाईंना राहवलं नाही. "गोदाबाईनं गाडीतच सांगतलं होतं पोरी, माह्या लेकीले कोणी हासाचं नाही. ज्याले हासू येईन त्यानं खाली पाहावं."

तेव्हा मला कळलं, सगळं आसगाव आपापल्या चपलांकडे का पाहत होतं. आणि फोनवरचं ते "मनावर नको घेऊ" पण कळलं. दोन वर्षं, दर गावी, ही बाई माझं सांत्वन करत होती. विनोद करणाऱ्या बाईनं स्टेजवर रडू नये, म्हणून मी पाणी प्यायले.

आई अजून उभीच होती. "मी पायलं ना वं. पाहुणे गेल्यावर तू धानाच्या तणसाच्या ढिगामागं जाऊन बसली. तोंड ओढणीत, अन् खांदे हालून राहिले होते. मीच तुले बांधीत धाडली होती. मंग मी बी चुलीपाशी बसून रडली."

"आई," मी म्हणाले, "मी हासून राहिली होती."

"काय?"

"तू 'धुतली का गोरी निंगते' म्हणलं, अन् त्या मामाच्या तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सदऱ्यावर पडला. आठवते? मले तो पोरगा नकोच होता. तुले वाईट वाटन म्हणून मी मागं जाऊन हासली. अन् तुहे डोळे लाल दिसले तं मले वाटलं, धुरानं झाले."

आधी आईला राग आला, तो मला चांगला ओळखू येतो. मग ती मटकन खुर्चीत बसली, तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

मी घाबरले. धडपडत स्टेजवरून उतरून तिच्यापुढं बसले आणि तिचा पदर बाजूला केला.

ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, श्वास अडकलेला, मध्येच उचकी. "खर्रा," तिला धड बोलताही येत नव्हतं, "पांढऱ्या सदऱ्यावर..." इतकं वेडंवाकडं हसणं मी कुठल्याच हॉलमध्ये ऐकलेलं नाही. मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

मागं मात्र गाव अजून चपलाच पाहत होतं. एका काकांचा चेहरा दाबून दाबून लालबुंद झाला होता. आईनं मान वळवली.

"आता कायले थांबले? हासा ना!"

इतका वेळ कोंडलेलं हसू एकदम बाहेर पडलं. कलाबाई तर खुर्चीवरून घसरल्या.

पुढच्या आठवड्यात मी अकोल्यात होते. कुठल्याशा कंपनीचा कार्यक्रम, समोर जेवणाची ताटं, माझ्याकडे कोणाचं लक्ष नाही. बाहेर पडले तोच फोन वाजला.

"हासले का वं लोकं?"

"नाही, आई. एक बी नाही हासला."

या खेपेला तिनं सुस्कारा टाकला नाही.

"मंग मी येऊ का तिथं?"