टाचेने दाबलेला बोगदा

मोलवाल्याचा हात धरणारा दुसरा कोणी त्या गावात नव्हता. मोल म्हणजे मातीखाली बोगदे खणणारा, मखमली अंगाचा, जवळजवळ आंधळा प्राणी. हिरवळीवर मातीचे ढीग उठवून माळ्यांचा जीव खातो, म्हणून त्याला सापळ्यात पकडायला मोलवाल्याला बोलावतात. बोगदा वापरात आहे की ओसाड, हे ओळखायची मोलवाल्याची रीत साधी. टाचेने दाबायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. वर उचललेला दिसला की समजायचं, आत जीव आहे.

आता त्याची बायको सहा दिवस इस्पितळात यंत्रावर श्वास घेत पडली होती. डोक्यात रक्तस्राव. चाळीस वर्षं "ते चिखलाचे बूट बाहेर काढा हो!" म्हणून घर डोक्यावर घेणारी बाई, आणि आता हूं नाही की चूं नाही. यंत्र काढायला डॉक्टरांना त्याची सही हवी होती.

तो कसली सही करतोय! रोज तिच्या तळहातावर अंगठा दाबायचा आणि बघत बसायचा.

सातव्या दिवशी दुपारी तिचं बोट हललं.

"अगं, बघ! उचललं तिने! मी सांगत नव्हतो?" तो मुलीला असा ओरडून म्हणाला की डॉक्टर धावत आले. मुलगी तर रडायलाच लागली.

डॉक्टरांनी तपासलं, मग खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "काका, हे मणक्यातून आपोआप होतं. मेंदू संपलाय, दोनदा तपासलंय. बोट हलतंय, पण हलवणाऱ्या त्या नाहीत."

मुलगी भांडायला उठली. त्यानेच तिला खाली बसवलं. मोल मोठा एकलकोंडा, पण शेजारचा मेला की एक-दोन दिवसांत त्याचे बोगदे बळकावतो. मेलेला मोल सापळ्यात, आणि बोगदा मात्र पुन्हा उचललेला. किती गिऱ्हाइकांना त्याने समजावलं होतं, "अहो, तो गेला. हा तो नव्हे." आग लागो त्या ज्ञानाला! ते नसतं तर आणखी चार दिवस तरी आशेवर काढले असते.

"द्या तो कागद," तो म्हणाला.

सही करताना त्याचा डावा हात तिच्या हातात होता. तिचं बोट पुन्हा हललं आणि त्याच्या अंगठ्याला टेकलं. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिला दिसलं नाही. त्याने तिला हाक मारली नाही. आडनाव पूर्ण लिहिलं आणि कागद डॉक्टरांकडे सरकवला.