न मांडलेला प्रश्न

उत्तरेश्वर आप्पांचा निरोप समारंभ लोहाऱ्याच्या मंगल कार्यालयात होता. बारा वर्षं शिक्षकांचे आमदार म्हणून विधान परिषदेत, त्याआधी सव्वीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेलं. माणूस सरळ, हात स्वच्छ, असं त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढलेलेही म्हणत. त्यामुळं सकाळपासून सभागृह शिगोशीग भरलं होतं आणि हार ठेवायला खुर्ची पुरत नव्हती.

मानपत्र मोनिका नावाच्या तरुण शिक्षिकेनं वाचलं. 'ज्ञानयोगी', 'वाड्या-वस्त्यांवरच्या लेकरांचा आवाज' वगैरे. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. असली मानपत्रं त्यांनी स्वतः उभ्या हयातीत पन्नासेक लिहिली होती. त्यातलं किती खरं मानायचं असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

मग आप्पांच्याच शिक्षण संस्थेचे सचिव अमरसिंह माईकवर आले. "आता जळकोटच्या माळावरून एक माणूस खास आप्पांसाठी आलाय. बिरू, ये वर."

आप्पांनी दचकून वर पाहिलं. पांढरा फेटा, खांद्यावर नवी कोरी घोंगडी घेतलेला बिरू पायऱ्या चढत होता. त्यानं घोंगडी आप्पांच्या खांद्यावर घातली, पाया पडला आणि माईकला हात न लावता मोठ्यानंच बोलायला लागला.

"म्या मेंढरामागं फिरणारा माणूस. आमच्या वस्तीवर चौथीपर्यंत शाळा व्हती. पहिली दोन वर्सं माझ्याच पत्र्याच्या खोपीत भरायची. नऊ पोरं उरली तवा सरकारनं शाळा बंद करायचं काढलं. म्या आप्पांकडं गेलो. तर ह्यो माणूस आमच्या नऊ लेकरांसाठी नागपूरच्या अधिवेशनात उभा राहून भांडला! शाळा ऱ्हायली न्हाय, पर आमच्यासाठी कुणीतरी भांडलं. नऊ वर्सं झाली, म्या ही गोष्ट बाजारात, जत्रंत, सोयऱ्यांत सांगत आलोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांना कानशिलं तापल्यासारखी वाटली.

कारण ते भांडले नव्हते. उभेसुद्धा राहिले नव्हते.

बिरूचा अर्ज त्यांनी नागपूरला नेला होता, हे खरं. खाली नऊ आईबापांचे अंगठे आणि सह्या होत्या. वस्तीवरून गावच्या शाळेत जायचं तर लेकरांना मोठा रस्ता ओलांडावा लागतो, ट्रकची वर्दळ असते, हेही त्यात लिहिलेलं. सभागृहात दोन मिनिटं उभं राहून तेवढं वाचायचं होतं. पण त्याच सकाळी मंत्र्यांनी आप्पांना दालनात बोलावलं. आप्पांच्या संस्थेला अकरावी विज्ञानाची तुकडी हवी होती आणि ती फाईल मंत्र्यांच्या टेबलावर होती. "आप्पा, त्या छोट्या शाळांचा विषय आज नका काढू," मंत्री चहा पुढं सरकवत म्हणाले. बस, एवढंच. धमकी नाही, सौदा नाही. आप्पांनी चहा घेतला. सभागृहात त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते. महिनाभरात तुकडी मंजूर झाली.

आठवड्यानं बिरू घरी आला तेव्हा आप्पा सहज बोलून गेले, "मांडला रे प्रश्न. लई भांडलो. पण सरकार ऐकंना." बिरूनं तेव्हाही असेच पाय धरले होते.

आता उत्तराचं भाषण करायला आप्पा उठले. खिशातला कागद त्यांनी बाहेरच काढला नाही.

"बिरूनं सांगितलं ते खोटं आहे," ते म्हणाले. "खोटं त्याचं नाही, माझं आहे. मी तो प्रश्न मांडलाच नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण मला माझ्या संस्थेचं काम करून घ्यायचं होतं. आणि नंतर बिरूला मांडला म्हणून सांगितलं."

आप्पांना हायसं वाटलं. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, निदान उठून तरी जाईल. पण तेवढ्यात अमरसिंहांनी पुढं होऊन माईक हातात घेतला.

"बघा, हा आप्पांचा मोठेपणा! आज कोणता पुढारी भर सभेत असं बोलतो?"

आणि लोक उभे राहिले. मघापेक्षा दुप्पट टाळ्या वाजल्या. मोनिका डोळे पुसत होती. आप्पा हात हलवून "अहो, नको, ऐका" म्हणत राहिले, तर त्यालाही लोकांनी विनय म्हटलं. इतकं ओशाळं त्यांना उभ्या जन्मात कधी वाटलं नव्हतं. त्यांनी बिरूला शोधलं. त्याची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा एकटेच माळावर गेले. बिरू मेंढरं सोडायच्या घाईत होता. त्यानं बाज पुढं ओढली, पाणी दिलं, पण समोर बसला नाही.

"बिरू, चूक झाली माझी."

"चूक व्हय?" बिरू काठीनं माती उकरत म्हणाला. "आप्पा, शाळा जाणारच व्हती म्हणून म्या कवाच सोडून दिलं. पर नऊ वर्सं म्या तुमचं नाव घेऊन छाती फुगवून फिरलो. माझ्या तोंडानं तुमी मला खोटं बोलाय लावलं. आता सोयऱ्यांना काय सांगू?"

"मी सांगतो. वस्तीतल्या सगळ्यांना बोलव."

दहा-बारा माणसं जमली. आप्पांनी उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं. दालन, चहा, तुकडी, व्हरांडा, काही लपवलं नाही. इथं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं "असंच असतंय" म्हटलं आणि ती चुलीकडं गेली.

बिरूची नात शिवकन्या छपराच्या मेढीला टेकून ऐकत होती. सतरा वर्षांची असेल. शाळा बंद झाली तेव्हा ती तिसरीत होती. रस्त्याच्या भीतीनं घरच्यांनी तिला पलीकडं पाठवलंच नाही.

"आप्पा, एक इचारू?" ती म्हणाली. "तुमी बोलला असता तर शाळा ऱ्हायली असती का?"

आप्पांना आता खोटं बोलायचं नव्हतं.

"माहीत नाही, पोरी. बहुतेक नसती राहिली."

"बहुतेक," ती म्हणाली. "मग तेवढं बोलून बगायला पायजे व्हतं की."

गणिताच्या मास्तराला एका तिसरी शिकलेल्या पोरीनं फळ्यासमोर उभं करावं, तसे आप्पा उभे राहिले. बिरूनं मेंढरं हाकली, माणसं आपापल्या कामाला लागली. त्यांना कुणी जा म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात येडशीला आणि तुळजापुरात त्यांचे सत्कार ठरले होते. आप्पांनी दोन्हीकडं नाही म्हणून कळवलं. वर्तमानपत्रात मात्र 'आप्पांची प्रांजळ कबुली' अशी बातमी फोटोसह आली. ती कात्रणं लोक अजून त्यांना कौतुकानं दाखवतात. जळकोटच्या बाजारात कधी बिरू समोर आला तर थांबतो, रामराम घालतो. पण 'आप्पा' म्हणून हाक मात्र मारत नाही.