पुढचा शब्द

यवेटने टेबलावरचा काटा उचलला आणि क्लिफर्डच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय आहे?"

क्लिफर्ड आल्डरसनने काट्याकडे पाहिले. ओठ जुळवले, पुन्हा सोडले. मग रिकाम्या हाताने घास उचलून तोंडाशी नेल्याची खूण केली. वस्तू त्याच्या ओळखीची होती. तिचे नाव तेवढे येत नव्हते.

"फोर्क," ओट्यापाशी भांडी पुसत असलेली ब्रेंडा म्हणाली.

"ब्रेंडा, हा काय आहे ते मला ठाऊक आहे," यवेट शांतपणे म्हणाली. "तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्या दोघींचं ठीकच चाललंय."

तिने काटा खाली ठेवला. सुरी उचलली, क्लिफर्डकडे पाहिले आणि गाण्याची ओळ अर्ध्यावर सोडावी तसे म्हणाली, "नाइफ अँड..."

"फोर्क," क्लिफर्ड म्हणाला.

शब्द इतका स्वच्छ आला की ब्रेंडाच्या हातातले फडके थांबले. फेब्रुवारीत मेंदूत रक्ताची गाठ अडकल्यापासून तिने नवऱ्याच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि एक शिवी, एवढेच धड ऐकले होते. गावच्या मेंढीबाजारात उभा जन्म लिलाव पुकारलेला माणूस. त्याच्या जिभेवर घर चालले, मुलगा शिकला, स्वयंपाकघराचे छप्पर नवे झाले. लुळा पडलेला उजवा हात उन्हाळ्याआधी परत आला. जीभ तशीच राहिली होती.

बोलणे परत शिकवायला यवेट दर मंगळवारी लीड्सहून यायची. उंच, सावळी, मोठ्या पावलांची बाई. घरात शिरताच खुर्ची आपल्याला हवी तशी वळवून घ्यायची. तिला कशाची शंका आलेली ब्रेंडाने कधी पाहिली नाही, आणि ही गोष्ट ब्रेंडाला आवडायची, कारण तिचाही स्वभाव तोच होता.

"शब्द एकेकटे राहत नाहीत," यवेट म्हणाली. "वारा स्ट्राँग असतो, पाऊस हेवी असतो. पाऊस स्ट्राँग आहे म्हटलं तर तुम्ही वळून बघाल, हा कुठून आला म्हणून. का ते सांगता येणार नाही तुम्हाला. लहानपणापासून ते शब्द एकमेकांबरोबर ऐकलेत, बस. क्लिफर्डनी हाक मारली तर शब्द येत नाही. पण त्याच्या सोबत्याला पुढं घातलं, की मागोमाग येतो."

"मेंढरांसारखं," ब्रेंडा म्हणाली. "एक फाटकातून गेली की सगळ्या."

"तसंच म्हणा."

क्लिफर्ड हसला. त्याला सगळे कळत होते. अडचण कळण्याची नव्हतीच.

त्यानंतरचे मंगळवार असेच गेले. यवेट अर्धे म्हणायची, तो अर्धे म्हणायचा. सॉल्ट म्हटले की पेपर. फास्ट म्हटले की अस्लीप. टेल द म्हटले की ट्रूथ. 'मेक अ' म्हटले की 'मिस्टेक' यायचा. 'डू'च्या मागे मात्र तो एकदाही आला नाही. नेमकी कुठे जोडी जुळते आणि कुठे नाही, हे त्या दुखावलेल्या डोक्यात शाबूत होते, जणू आग लागलेल्या घरात एक कपाट तसेच्या तसे उभे राहावे. हळूहळू यवेट जोड्या लांबवू लागली, साध्या वाक्यात घालू लागली. "सकाळी उठून मी कडक..." आणि तो "चहा" म्हणायचा.

किंवा ब्रेंडा म्हणायची. तिला राहवायचे नाही. क्लिफर्डचे ओठ हलले की तिच्या तोंडून शब्द निघालेलाच असायचा.

चौथ्या की पाचव्या वेळी यवेटने पेन खाली ठेवले.

"ब्रेंडा, परसात काही काम नाही का?"

"आहे की. पण त्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला कसं कळणार? मला तो म्हणायच्या आधी कळतं. चाळीस वर्षं झाली. हा दारातून आत आला की बाजारात काय झालं ते मी त्याच्या बुटांच्या आवाजावरून सांगते."

"मग त्यांनी बोलायचं कशाला?"

हे यवेट रागाने म्हणाली नव्हती. ब्रेंडा तरीही बाहेर गेली आणि वाटाण्याच्या वेलांना बांधायला लागली. आतून क्लिफर्डचा आवाज येत होता, अडखळत, मध्ये लांब लांब थांबत. प्रत्येक थांबण्यापाशी तिची जीभ टाळूला लागत होती.

ऑगस्टच्या शेवटी ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली असताना गोठ्यामागून आवाज आला. तिने टोपली खाली ठेवली. क्लिफर्ड भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि लिलाव पुकारत होता. "ऐंशी, ऐंशी मिळाले, पंच्याऐंशी कोण, पंच्याऐंशी मागं, नव्वद, नव्वद, तुमच्याकडं बघतोय, नव्वद..." एकही अडथळा नाही. तोच जुना सूर, तीच घाई, खालच्या पट्टीत जाऊन वर येणारी तीच चाल. चहा मागता न येणारा माणूस भिंतीला मेंढ्या विकत होता.

तिने त्याच दुपारी मार्टिनला फोन केला. मुलगा वडिलांच्या जागी बाजार चालवत होता. हिशेबाला चोख, पण पुकारायला उभा राहिला की सरकारी नोटीस वाचल्यासारखा वाटायचा. शेतकरी त्याला तोंडावर तसे सांगायचे.

मंगळवारी तिघेही यवेटसमोर बसले. क्लिफर्डने छातीवर बोट ठेवले, मग खिडकीबाहेर, बाजाराच्या दिशेने दाखवले.

"ऑक्टोबरचा एडक्यांचा लिलाव," मार्टिन म्हणाला. "बाबांना उभं राहायचंय."

"पुकारणं जमेल," यवेट लगेच म्हणाली. "ते बोलणं नाहीच, ती चाल आहे. आयुष्यभर तेच शब्द त्याच क्रमानं म्हटलेत. एक निघाला की दुसरा आपोआप बाहेर. पण हातोडा पडल्यावर?"

तिने बोटाने टेबलावर ठोकले.

"घेणाऱ्याचं नाव पुकारावं लागतं ना? नावाच्या पुढं कुणी सोबती नसतो. ते एकटं यावं लागतं."

"नावं मी सांगेन," ब्रेंडा म्हणाली. "कारकुनाशेजारी बसते. या खोऱ्यातली प्रत्येक टोपी मी पाठमोरी ओळखते."

यवेट तिच्याकडे बघत राहिली. मग क्लिफर्डला विचारले, "चालेल तुम्हाला?"

क्लिफर्डने खांदे उडवले. चालत नव्हते, पण उभे तर राहायचे होते.

लिलावाच्या दिवशी रिंगणाभोवतीचे बाक सकाळीच भरले. क्लिफर्ड आपल्या तपकिरी कोटात मंचावर चढला, हातोडा उचलून त्याने त्याचे वजन पाहिले. त्याच्या डाव्या हाताला कारकून, त्यापलीकडे ब्रेंडा. यवेट मागच्या बाकावर दोन जाडजूड शेतकऱ्यांच्या मध्ये अंग चोरून बसली होती. पहिला एडका आत आला. काळे तोंड, पांढरे नाक, शिंगे दोन वेढे घेतलेली.

"क्लिफ," कुणीतरी ओरडले, "भाव चढवायचं तेवढं विसरला असशील तर बरं होईल."

रिंगण हसले. क्लिफर्डने त्या दिशेने हातोडा रोखला आणि सुरुवात केली.

गोठ्यामागे होते त्याहून ते सरस होते. माणसे समोर होती, भुवया हलत होत्या, बोटे वर होत होती, आणि तो एकही हुकवत नव्हता. आकडे चढत गेले, थांबले. एकवार, दोनवार. हातोडा पडला.

क्लिफर्डने घेणाऱ्याकडे पाहिले. तोंड उघडले. ब्रेंडा पुढे झुकली.

"पीकॉक, हाय गिल," कठड्यापाशी उभा असलेला म्हातारा आयझॅक पीकॉक स्वतःच म्हणाला. आपले आणि आपल्या शेताचे नाव, कारकुनाकडे बघत, मोठ्याने, काही विशेष नसल्यासारखे.

ब्रेंडा तशीच झुकलेली राहिली. आयझॅक या रिंगणात क्लिफर्डच्याही आधीपासून येत होता, आणि आपले नाव आपण सांगण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

दुसरा एडका विकला गेला. "हर्ड, लो रो," एक आवाज. तिसरा. "कीर्टन. खालचा नव्हे, वरचा." कुणी कुणाला सांगितले होते, की कुणीच नाही, ते ब्रेंडाला पुढेही कळले नाही. हातोडा पडला की नाव येत होते, जणू या बाजाराची रीत पहिल्यापासून हीच. क्लिफर्डचे कान लाल झाले. दोन-चार नावांपुरता तो हातोड्याकडेच बघत राहिला. मग मान वर करून पुढचा एडका मागवला, आणि त्याचा आवाज आणखी चढला.

ब्रेंडाने हात मांडीवर ठेवले. तिला तिथे काही काम उरले नव्हते.

शेवटच्या काहींत एक तरुण एडका आला, अंगाने बारीक पण पायांनी उत्तम. दोघा-तिघांनी बोली लावली आणि सोडून दिली. शेवटी रिंगणाच्या दारापाशी, सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका मुलीचा हात वर राहिला. हातोडा पडला.

या वेळी नाव आले नाही.

ती जोअॅना कोट्स होती. तिचा बाप, एडविन कोट्स, एप्रिलमध्ये गेला. शेत आता तिच्याकडे होते आणि बाजारात बोली लावायला ती पहिल्यांदाच आली होती. दारात उशिरा उभी राहिली म्हणून असेल, किंवा बावरली म्हणून. पुढे काय करायचे हे तिला माहीत नव्हते. ती मंचाकडे बघत राहिली. हळूहळू बाकांवरची डोकी ब्रेंडाकडे वळली.

ब्रेंडाच्या जिभेवर नाव तयार होते. कोट्स, स्कार एंड. क्लिफर्डला तेच म्हणायचे होते, दुसरे काय असणार? तिने नवऱ्याकडे पाहिले. तो मुलीकडे पाहत नव्हता. त्याची नजर रिंगणाच्या उजव्या अंगाला, कठड्याच्या खांबाशेजारी असलेल्या मोकळ्या जागेवर होती. बाजार गच्च भरलेला असूनही तिथे सकाळपासून कोणी उभे राहिले नव्हते.

ब्रेंडाने ओठ दातांखाली धरले.

बाहेरच्या कोंडवाड्यात एक मेंढी ओरडली, थांबली. कारकुनाने पेन उचलून धरले होते. मार्टिन दारातून एक पाऊल पुढे आला; ब्रेंडाने त्याच्याकडे न बघता तळहात दाखवला, आणि तो थांबला.

"एडविन," क्लिफर्ड म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. कपाळावर घाम आला. "एडविनची... पोर."

कारकून लिहू लागला. पण क्लिफर्डचे संपले नव्हते. त्याने हातोडा उचलून दाराकडे रोखला.

"तिथं... नको. दारात. वारा." हातोडा खांबाकडे वळला. "ही जागा... गरम आहे. अजून."

 मग आयझॅक पीकॉकने टोपी काढली, पुन्हा घातली आणि खांबाजवळून दोन माणसे सरकवून वाट केली. जोअॅना कोट्स बाकांच्या मागून वळसा घालून आली. कठड्याचे लाकूड तिथे एडविनच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेले होते. तिने दोन्ही हात त्यावर ठेवले.

"पुढचा," क्लिफर्ड म्हणाला, आणि पुढचा एडका आत आला.

लिलाव संपल्यावर बाहेर गाड्या भरण्याची घाई उडाली. यवेट ब्रेंडाला पार्किंगमध्ये भेटली. तिच्या बुटांना शेण लागले होते.

"जागा गरम आहे अजून," ती म्हणाली. "हे त्यांना कुणी शिकवलं?"

"मी नाही," ब्रेंडा म्हणाली.

"मीही नाही."

यवेट आणखी काही म्हणेल असे ब्रेंडाला वाटले, पण तिने बूट गवतावर घासले आणि आपल्या गाडीकडे गेली. मंगळवारी येतेच, असे तेवढे वळून सांगितले.

परतीच्या वाटेवर गाडी ब्रेंडाच चालवत होती. दोन्ही बाजूंनी दगडी बांध, रस्ता एका गाडीपुरता. क्लिफर्ड कोटाची बटणे सोडून मागे टेकून बसला होता, थकलेला आणि ताठ. पूल ओलांडल्यावर त्याने तोंड उघडले.

"मला..." तो म्हणाला.

भूक लागली असेल. किंवा झोप आली असेल. किंवा उद्या मार्टिनकडे जायचे असेल. तिन्ही शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले, गाडी एका फाटकापाशी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले.

मागून एक ट्रॅक्टर आला. ब्रेंडाने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्याला पुढे जा म्हणून खूण केली.