ओर्नेल्लाची सवत

मी मोटरसायकल बोलतेय, आणि मान खाली घालून बोलतेय. माझं हँडल एका बाजूला कललेलं दिसतंय ना? स्टँडवर उभी आहे म्हणून, असं समजा हवं तर. खरं कारण लाज आहे.

इटलीतल्या एका तळ्याकाठच्या कारखान्यात मी जन्मले. आतली यंत्रं आजची, पण रूप आजोबांच्या काळातलं. गोल दिवा, तारांची चाकं, चॉकलेटी सीट आणि क्रोमचा पट्टा असलेली हिरवी टाकी. माझे दोन सिलिंडर दोन्ही अंगांनी बाहेर आलेत, कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईच्या कोपरांसारखे. उभ्या उभ्या कुणी ॲक्सिलरेटर पिळला की मी उजवीकडे हिसका देते. जन्माची खोड. लोक तिच्यावरच भाळतात.

लेआर्को असाच भाळला. रोमान्या भागातल्या एका छोट्या गावचा हा खाटीक. जन्मभर मांस तोडलं, सॉसेज भरली, आणि दुकान विकल्याबरोबर मला घेऊन आला. त्या भागात लोकांना मोटरसायकलीचं वेडच आहे. पोरगं चालायला लागलं की त्याला इंजिनाचा आवाज ओळखायला शिकवतात.

शहरातून गावी आलो ती दुपार मला अजून आठवते. द्राक्षमळ्यांमधला वळणावळणाचा रस्ता, आणि हेल्मेटच्या आत गडी मोठ्यानं गात होता, तेही बेसूर. मला वाटलं, काय भाग्य माझं! दारात त्याची बायको ओर्नेल्ला उभी होती. त्यानं तिच्या हातात लालभडक हेल्मेट ठेवलं. "हे तुझं. आता आपण दोघं भटकायचं. सकाळी डोंगरात, दुपारी कुठंतरी पोटभर जेवण, संध्याकाळी समुद्र."

ओर्नेल्लानं तिथंच हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि आरशात बघून खुदकन हसली. तरुणपणी ती बापाची खटारा मोटरसायकल घेऊन मळ्यात जायची. परवाना अजून जपून ठेवला होता बाईनं.

पण ते भटकणं काही झालं नाही.

आधी म्हणे इंजिन रुळू दे. मग पावसाचा रंग दिसतोय. मग रस्त्यावर ताजं डांबर आहे, उडून चिकटेल. मग हिवाळा आला, आणि तिकडे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ म्हणजे माझ्या तारांना गंज. लेआर्कोनं मला ढकलत थेट दिवाणखान्यात आणलं. पाहुण्यांसाठी राखलेली ती खोली. ओर्नेल्लाच्या आईचा सोफा पडवीत गेला आणि त्या जागी मी आले.

"आईचा सोफा बाहेर आणि ही बया आत!" ओर्नेल्ला म्हणाली.

"अगं, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

दोन-तीन महिने म्हणे! तो उठला की आधी माझ्या बॅटरीचा चार्जर बघायचा. मग टूथब्रशनं एकेक तार घासायची, मऊ फडक्यानं क्रोम पुसायचं, तेलाची पातळी बघायची, टाकीला मेण लावायचं. स्वयंपाकघरातून ओर्नेल्ला हाका मारून दमायची. "कॉफी गार झाली रे!" हा आपला फडकं फिरवतोय. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही गोड वाटायचं. कुणाला नाही वाटणार? पण ते लाल हेल्मेट खुंटीवर तसंच लटकलेलं दिसायचं आणि माझ्या पोटात तेल गोठायचं. त्या बाईच्या वाट्याचे लाड मी खात होते.

गावात तर मला नावच पडलं, ओर्नेल्लाची सवत. ते ठेवलं बारवाल्या ओद्दोनेनं. तिकडे बार म्हणजे कॉफीचाही अड्डा. त्याची जीभ मोठी तिखट.

मग जानेवारीत संत आंतोनिओचा सण आला. हा जनावरांचा कैवारी. त्या दिवशी गाढवं, कोंबड्या, कुत्री, सगळी चौकात आणतात, आणि पाद्रीबाबा त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. ट्रॅक्टर आणि मोटरसायकलीही आणतात, कारण रोमान्यात त्याही घरच्या जनावरांतच धरतात.

"आशीर्वाद घेऊ, आणि तिथूनच तुला एक चक्कर मारून आणतो," लेआर्को म्हणाला. ओर्नेल्लानं नवा स्कार्फ बांधला, हेल्मेट काखेत घेतलं.

चौक घरापासून हाकेच्या अंतरावर. पण रस्त्यावर मीठ! म्हणून या बाबानं शेजाऱ्याचा तीनचाकी टेम्पो आणला, मला ओर्नेल्लाच्या लोकरी ब्लँकेटात गुंडाळलं आणि वर चढवलं. ओर्नेल्ला मागून चालत आली.

"काय रे लेआर्को," ओद्दोने ओरडला, "आजारी आहे का ती? दवाखान्यात नेतोयस की देवळात?"

सगळा चौक खिदळला. बाजूचं गाढवसुद्धा स्वतःच्या पायांनी आलं होतं. लेआर्कोनं मला खाली उतरवलं, ब्लँकेट काढलं.

पाद्रीबाबा इलारिओ आले, चार शब्द पुटपुटले आणि माझ्या टाकीवर पाणी शिंपडलं. थेंब धड टेकलेही नव्हते, तोच लेआर्कोनं खिशातून फडकं काढलं आणि ते पुसून टाकले.

"अरे, आशीर्वाद पुसतोस?" पाद्रीबाबांचे डोळे विस्फारले.

"डाग राहतात हो, पाद्रीबाबा. इथलं पाणी जड आहे."

आता हसणं थांबेना. ओर्नेल्लाच्या कानापर्यंत लाली चढली. तिनं हेल्मेट घातलं, पट्टा आवळला.

"हो बाजूला."

"अगं, थांब, मीठ आहे..."

"इतके दिवस थांबलेच आहे मी. हो बाजूला!"

तिनं किल्ली फिरवली. मी उजवीकडे हिसका दिला, तिनं तो बरोब्बर मांडीनं सावरला. अहाहा, काय बाई ती! चौकातल्या कारंज्याभोवती एक फेरी झाली. ती हसत होती, अगदी त्या पहिल्या दिवसासारखी. लोक टाळ्या वाजवायला लागले. दुसऱ्या फेरीत गाढवाच्या ओल्या शेणावर माझं मागचं चाक गेलं, आणि आम्ही दोघी आडव्या झालो. ती एकीकडे, मी दुसरीकडे. माझी टाकी कारंज्याच्या कठड्यावर आपटली.

लेआर्को धावत आला. माझ्याकडे.

गुडघ्यांवर बसला, टाकीवरून हात फिरवला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "पोचा पडला! अगं बाई, केवढा पोचा पडला!"

इतका वेळ जीभ सैल सोडलेला ओद्दोनेसुद्धा खाली बघायला लागला. मग पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "लेआर्को, तुझी बायको तिकडे आहे."

त्यानं वर पाहिलं. ओर्नेल्ला कठड्याला धरून आपली आपण उठत होती. मोजा फाटलेला, गुडघ्यातून रक्त. लाल हेल्मेट काढून माझ्या हँडलला अडकवलं आणि लंगडत निघून गेली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चकाकत पडले होते ना मी तिथं, भर चौकात!

त्याच संध्याकाळी ती समुद्रकाठच्या गावी बहिणीकडे गेली. लेआर्को माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा, शिळी भाकरी चावत. फडक्याला हात लावला नाही. फोन केला की बहीण म्हणायची, "ती बोलणार नाही."

एका सकाळी त्यानं दार उघडलं, मला बाहेर ढकललं आणि लाल हेल्मेट दंडात अडकवलं. बाहेर धुकं, पाऊस, रस्त्यावर मिठाचा पांढरा चिखल. एका पावसाळी ढगाला घाबरणारा माणूस तो! सगळ्या वाटेत तो गायला नाही. तो चिखल अंगावर घेताना मला पहिल्यांदा हलकं वाटलं.

बहिणीच्या खिडकीखाली त्यानं हॉर्न वाजवला. झडप उघडली.

"ओर्नेल्ला," तो खालून ओरडला, "गुडघा कसा आहे?"

"आत्ता विचारतोयस?"

"आत्ता विचारतोय. तेव्हाच विचारायला हवं होतं. लाज वाटते गं."

झडप बंद झाली. तो पावसात तसाच उभा. बऱ्याच वेळानं ती खाली आली, अजून थोडी लंगडत. माझ्याभोवती फिरली. चिखल पाहिला, पोच्यावर बोट फिरवलं.

"हा बुजवायचा नाही," ती म्हणाली. "कुणी विचारलं की सांगायचं, कसा पडला ते. तू, तुझ्या तोंडानं."

त्यानं मान डोलावली. तिनं हात पुढे केला. त्यानं किल्ली दिली.

आता सोफा दिवाणखान्यात आहे आणि मी पडवीत. तारांवर गंजाचे ठिपके आलेत, क्रोमवर डाग आहेत. तेल मात्र वेळेवर बदलतात, दोघं मिळून. रविवारी आम्ही ओद्दोनेच्या बारसमोर थांबतो. कधी आलात तर एवढं करा माझ्यासाठी, टाकीकडे बोट दाखवून विचारा, हे काय झालं? मी लाजेनं अर्धी होईन, तरी विचारा. लेआर्को टोपी हातात घेईल, घसा खाकरेल आणि सगळ्यांदेखत सांगेल, "बायको पडली होती, आणि मी आधी हिला उचलायला गेलो."

ओर्नेल्ला शांतपणे कॉफी संपवते. मग लाल हेल्मेट चढवते, किल्ली फिरवते आणि त्याला म्हणते, "चल, बस मागे."